विमानाच्या काचेला लावायचं मेण

आमचे हे शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात विमान बांधायचे. हे एका दमात सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग माझं तोंड बघून हसू आवरतो. मी स्वतः त्यावर कधी हसले नाही. पस्तीस-छत्तीस साल असेल. नाशकात तेव्हा मोटारीसुद्धा मोजक्याच होत्या. वरून एखादं विमान गेलं तर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धुणं धुणाऱ्या बायका हातातलं कापड तसंच धरून वर बघत राहायच्या. ह्यांच्या हाती कुठूनसं एक विलायती मासिक आलं. त्यात एकट्या माणसाला बसता येईल एवढ्या लहान विमानाचे नकाशे होते. साधी हत्यारं वापरून घरच्या घरी करता येईल, असं त्यात म्हटलं होतं म्हणे. ह्यांनी ते नकाशे मोठे करून भिंतीवर चिकटवले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही.

गंगापूर रस्त्याला ह्यांच्या एका मित्राची फुलांची बाग होती. झेंडू, शेवंती, गुलाब. बागेच्या पलीकडे मोठा उघडा माळ होता. त्या भाऊजींनी आपली पत्र्याची शेड ह्यांना दिली. सांगाडा तिथे उभा राहिला. इंजिन एका मोडक्या मोटारसायकलचं. पंखांचं कापड मी शिवलं, माझ्या माहेरच्या मशीनवर. एका पंखाची शिवण जरा तिरकी गेली म्हणून ह्यांनी ती पूर्ण उसवायला लावली, आणि मीही कुरकूर न करता उसवली. कारण खरं सांगायचं तर मलाही ते विमान हवं होतं. कुणी विचारलं नसतं आणि मी सांगितलंही नसतं, पण कापड ताणून त्यावर रोगण चढवल्यावर ते ढोलासारखं वाजायला लागलं, तेव्हा मला माझी मुलगी पहिल्यांदा पालथी पडली त्या दिवशीसारखं वाटलं होतं.

काचेचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. चालवणाऱ्याच्या तोंडावर वारा येऊ नये म्हणून पुढे एक वाकवलेली काच लागते. खरी काच जड, शिवाय फुटली तर सरळ तोंडात. म्हणून ह्यांनी मुंबईहून सेल्युलॉइडचा जाड तक्ता आणवला. उघड्या मोटारींच्या पडद्यांना ज्या पारदर्शक खिडक्या असायच्या, तोच प्रकार. आम्ही त्याला काचच म्हणायचो. ती काच लाकडी काठावर जिथे टेकते तिथे फट राहते. त्या फटीतून वारा शिरतो, पावसाचं पाणी शिरतं, इंजिनाचं उडालेलं तेल आत येऊन चालवणाऱ्याच्या मांडीवर पडतं. आणि फटीत काही नसेल तर इंजिनाच्या हादऱ्याने काच लाकडावर थडथड आपटून शेवटी तडकते. तेव्हा त्या फटीत काय भरायचं, हा प्रश्न.

ह्यांचं म्हणणं, त्यात एवढं काय आहे? पंखांना लावलेलं रोगणच दोन-तीन हात देऊन जाड लावू, सुकलं की दगडासारखं होईल. मासिकात त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

जुन्या नाशकात एक चाचा होते. टांग्यांचे कंदील, आरसे, तसबिरी, मोटारींच्या काचा, जे काही चौकटीत बसवायचं ते चाचांनी बसवावं. ह्यांनी त्यांना शेडवर आणलं. मी त्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन तिथेच होते. चाचांनी तक्ता हातात घेतला, थोडा वाकवला, नखाने खरवडला आणि नाकाला लावला.

"मास्तर, ही काच नाय," ते म्हणाले. "ही उन्हात वाढते, थंडीत आखडते. हिला जखडून टाकाल तर फाटेल. स्क्रूची भोकं मोठी ठेवा, खाली काहीतरी नरम द्या."

"नरम म्हणजे काय?" ह्यांनी विचारलं.

"ते मला काय माहीत? मी मोटारीच्या काचेला खडू-तेलाची लांबी भरतो. विमानाला आजवर कोणी बसवली?"

मी तक्ता नाकाजवळ नेला. त्याला कापराचा वास होता. चांगला देवघरातला कापूर. मी तसं म्हटल्यावर चाचा हसले. "बाईंनी बरोबर ओळखलं. कापूरच असतो यात. चुलीपासून लांब ठेवा, भक्कन पेटतं." त्यांचं ते एवढंसं "बरोबर ओळखलं" मला पुढे किती महागात पडलं ते मीच जाणते. त्या एका वाक्यावर मी त्या कामात शिरले.

ह्यांना शाळा होती. दिवसभर घरी मी. मी म्हटलं, तक्त्याचे कापून उरलेले तुकडे मला द्या, मी वेगवेगळं लावून बघते. हे म्हणाले, "बघ. तुझं काही बिघडत नाही." मी एका फळीवर तुकडे ओळीने बसवले, प्रत्येकाच्या बुडाशी वेगळं काहीतरी भरलं आणि फळी पडवीच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. रोज दुपारी एकदा बघायचं, पाणी ओतायचं, आणि मग फळी शिवणयंत्राला बांधून पाय चालवायचे. मशीनचा हादरा काही इंजिनाचा नव्हे, पण माझ्याजवळ तेवढाच होता.

खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची लांबी पहिले आठ दिवस छान राहिली. मी तीच ठरवून टाकली होती. नवव्या दिवशी हादऱ्याने तिची कड सुटली आणि अख्खी पट्टी बिस्किटासारखी हातात आली. डांबर दुसऱ्याच दुपारी वितळून फळीवरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून वाळत घातलेल्या धोतरावर आलं. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन आणि ट्यूबची पट्टी ही जोडी मला मनातून आवडली होती. पण भाऊजींच्या शेडमधून इंजिनाचं थोडं तेल आणून मी त्यावर टाकलं, तर रबर फुगून शेवाळासारखं लिबलिबीत झालं. आणि ह्यांचं ते रोगण! त्याला पिकलेल्या केळ्यांसारखा वास यायचा. ते लावलं आणि दुसऱ्या दिवशी बघते तर काचेची कड दुधासारखी पांढरी, सुरकुतलेली. बोटांनी दाबली तर तुटली. मी तो तुकडा ह्यांना दाखवला. ह्यांनी उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हं. म्हणजे ह्याने काच विरघळते." तेवढं त्यांनी मान्य केलं होतं. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग राळ आणि मेण. सुरगाण्याकडची एक बाई दर पंधरा दिवसांनी मध आणि मेण विकायला यायची. "बाय, मेण चांगला हाय, पोळा पिळून काढेल हाय, झाडावरचा हाय," असं काहीतरी म्हणायची. तिचं बोलणं मला निम्मंच कळायचं, पण मेण खरोखर चांगलं असायचं. राळेबरोबर वितळवून भरलं तर पाणी एक थेंब आत जाईना. मी खूश. मग थंडी पडली. सकाळी फळी उचलली तर मेणात सरळ रेघ पडलेली, काचेच्या कडेकडेने.

चाचा रस्त्याने जाताना ओट्याशी थांबायचे. त्यांना ती रेघ दाखवली. म्हणाले, "थोडं तेल घालून बघा ना बाई." तिळाचं घातलं तर मलमासारखं झालं, बोटाला लागून निघून यायला लागलं. गोडेतेलाचं तेच. शेवटी घरात एरंडेल होतं, मुलीच्या पोटासाठी आणलेलं. ते घातलं. मेण तीन चमचे, राळ दीड, एरंडेल एक. याच्या आधी किती वेळा चुकलं ते मोजलं नाही. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा चाचांनी आणून दिला. त्याची बोटभर रुंद पट्टी कापून त्या गरम मेणात बुडवली, दाबून भरली. सकाळच्या थंडीत रेघ नाही. दुपारच्या उन्हात जरा नरम व्हायचं, पण नमदा त्याला धरून ठेवायचा. पाणी नाही, तेल नाही. मी दहा दिवस मशीनवर पाय मारले.

विमानाला ती पट्टी चाचांनी आणि मी बसवली. चाचांनी स्क्रूची भोकं मोठी पाडली, खाली चामड्याच्या चकत्या दिल्या. ह्यांनी इंजिन चालू केलं, भाऊजींनी बागेतल्या झारीने काचेवर पाणी सोडलं. इंजिन बंद झाल्यावर ह्यांनी आत हात घालून काठ चाचपला आणि ओरडले, "कोरडं आहे! अगं, एकदम कोरडं!" त्यांच्या तोंडावर त्या वेळी जो आनंद होता तो खोटा नव्हता. तोही मी लिहून ठेवते, कारण माझ्या बाजूचंच लिहायचं आणि त्यांच्या बाजूचं सोडायचं, असं मला करायचं नाही.

पंधरा दिवस सगळं ठीक चाललं. विमान माळावरून धावायचं, वळायचं, परत यायचं. उडवण्याआधी कुणा जाणत्याने बघावं म्हणून ह्यांनी देवळालीच्या छावणीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. तो पूर्वी स्वतः विमान चालवत असे. उंच, कृश माणूस, बोलताना मान खाली घालायचा. त्याने पंख वाजवून बघितले, तारा ओढून बघितल्या, मान हलवली. मग काचेपाशी आला. बुडाशी अंगठा दाबला, वास घेतला, ह्यांना काहीतरी विचारलं आणि हसला. ह्यांनी काहीतरी उत्तर दिलं. मी झेंडूच्या वाफ्याशी मुलीला घेऊन उभी होते. मला इंग्रजी येत नव्हतं. पण माणूस कुणाला हसतो आणि कशाला हसतो यातला फरक बाईला कळतो, आणि तो माणूस हिणवत होता असं मला वाटलं नाही.

ह्यांना मात्र तो हिणवतोय असंच वाटलं. जेवताना मी विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"विचारत होता, हे कुठल्या कंपनीचं आहे."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? माझ्या बायकोने चुलीवर केलंय म्हणून सांगू?"

"सांगायचं. खोटं आहे का ते?"

ते ताटावरून उठले. "विमान आहे ते, दिवाळीचा फराळ नाही," म्हणाले.

चार दिवसांनी मुंबईहून एक डबा आला. हिरवा, वर विलायती अक्षरं. शनिवारची अर्धी शाळा संपवून हे थेट शेडवर गेले. मी जेवणाचा डबा घेऊन पोचले तोवर ह्यांनी पटाशीने माझी पट्टी अर्धी खरवडून काढली होती. नमद्याच्या फिती जमिनीवर पडल्या होत्या. त्यांनी हिरव्या डब्याचं झाकण उघडलं, आणि शेडभर पिकलेल्या केळ्यांचा वास पसरला.

मी म्हटलं, "अहो, हा तोच वास आहे. रोगणाचा. त्याने काच विरघळली होती, तुम्ही स्वतः बघितली."

"हे रोगण नाही. हे खास फटी बुजवण्यासाठी बनवलेलं आहे."

"निदान एका तुकड्यावर लावून आठ दिवस बघा."

"आठ दिवस तू मशीनवर पाय मारणार आणि मी वाट बघणार?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "अगं, कारखान्यात शिकलेली माणसं बसून हे बनवतात. तू पापड-कुरडया करतेस. आपापलं काम करावं."

भाऊजी दारात उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, वहिनी म्हणतात तर एकदा बघा ना. लय घाई कशाला?" ह्यांनी पटाशी चालूच ठेवली. चाचांच्या चामड्याच्या चकत्यासुद्धा काढल्या, ते पिवळट मिश्रण भरलं आणि स्क्रू करकचून आवळले. भर दुपारी, उन्हात, काच तापलेली असताना. मी जमिनीवरच्या नमद्याच्या फिती गोळा केल्या आणि घरी आले. भांडायला हवं होतं. स्क्रू उलटे फिरवायला हवे होते, डबा ओतून द्यायला हवा होता. मी गेले, आणि त्या दुपारी वरण-भात लावला.

पुढच्या आठवड्यात उड्डाण ठरलं. पौषातली सकाळ, बागेतल्या फुलांवर दव होतं, तोंडातून वाफ निघत होती. शाळेतले मास्तर, बागेतली माणसं, रस्त्यावरचे टांगेवाले, पन्नासेक लोक जमले असतील. मी काचेजवळ जाऊन बघितलं. बुडाची कड ढगाळ झाली होती. एका स्क्रूपासून केसाएवढी रेघ निघाली होती. मी ह्यांना बोट लावून दाखवली.

"आता नको," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बघतायत."

मी बाजूला झाले.

विमान धावलं, एकदा उसळलं, परत टेकलं, आणि मग चाकांखालून पलीकडची बाभळ दिसायला लागली. उडालं होतं. लोक ओरडले. झालेलं सगळं त्या क्षणी मी विसरले होते, हे कबूल करते. दोन पुरुष उंच गेलं असेल. मग पत्रा फाटावा तसा एक आवाज झाला, काच एका बाजूने उचकटली आणि मागे वळली. विमान वाकडं झालं, खाली आलं, एक चाक मोडून आडवं पडलं. आम्ही धावत पोचलो तेव्हा हे स्वतःच बाहेर पडून गुडघ्यांवर बसले होते. उजव्या डोळ्यावर हात होता आणि बोटांमधून रक्त येत होतं.

सरकारी दवाखान्यातून मुंबईला नेलं. डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी मला हळू आवाजात सांगितलं आणि दुसरा शाबूत आहे हे नशीब, असंही सांगितलं.

नाशकाला परत आल्यावर भेटायला माणसं येत होती. मी मऊ भाताची वाटी घेऊन आत आले तेव्हा शाळेचे हेडमास्तर पलंगाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "पण झालं कसं हो?"

हे म्हणाले, "काचेला घरगुती मेण लावलं होतं. ते सुटलं."

मी दारातच थांबले. वेदना होत आहेत, औषधाची गुंगी आहे, म्हणून चुकून बोलले असतील, असं मनाशी म्हटलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. दुसऱ्या दिवशी शेजारचे आले, त्यांनाही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझ्या सासूबाईंना. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं गं त्यात हात घालायला?"

चाचा शेडवर जाऊन मोडलेले तुकडे बघून आले होते. ते सरळ घरी आले, एक तुकडा घेऊन. त्याच्या कडेला पिवळं, दगडासारखं कठीण झालेलं मिश्रण चिकटलेलं होतं. ओट्यावरच मला दाखवून म्हणाले, "बाई, यात तुमचं मेण कुठं आहे?" ते आत गेले. मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, गावात लोक काय बोलतात ते तुम्हाला माहीत हाय? बाईंचं नाव घेतात."

"लोकांचं मी काय करू?"

"तुम्ही सांगा ना, की हे दुसरं लावलं होतं."

"चाचा, तुम्ही काचा बसवा. माझ्या घरात काय बोलायचं ते मी बघीन."

चाचा बाहेर आले, तुकडा ओट्यावर ठेवला, आणि मला सलाम करून गेले. त्यानंतर ते आमच्या घरात कधी आले नाहीत.

हिरवा डबा शेडमध्येच पडला होता. मी भाऊजींकडून तो मागून घेतला आणि मुलींच्या शाळेतल्या एका बाईंकडे नेला. त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांनी अक्षरं वाचली आणि मराठीत सांगितली. लाकूड, कापड आणि धातू यांसाठी. सेल्युलॉइडवर वापरू नये. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं, तेच. ह्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं यायचं. त्यांनी ते वाचलं नाही की वाचूनही लावलं, हे मला आजवर कळलेलं नाही. यातलं कुठलं जास्त वाईट हेही मी ठरवू शकले नाही.

डबा घेऊन मी पलंगापाशी गेले. ह्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी उघड्या डोळ्याने डबा बघितला आणि तोंड भिंतीकडे केलं. पट्टी बांधलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नव्हतं. मी डबा माळ्यावर टाकला.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई माझ्या हातचा लाडू घेताना म्हणाली, "यात राळ नाही ना घातलीत?" सगळ्या हसल्या. मीही हसले. न हसून काय करणार होते?

विमान पुन्हा बांधलं गेलं नाही. इंजिन कुणीतरी पाण्याच्या पंपाला नेलं. ह्यांनी पुढे शाळेत शिकवणं चालू ठेवलं, एका डोळ्याने फळ्यावर सरळ रेघ मारायचे, पोरांना फार कौतुक. "विमानवाले मास्तर" म्हणून नाव झालं. लोक गोष्ट विचारायचे आणि ते सांगायचे. सांगता सांगता ती गोष्ट गुळगुळीत झाली. साहेब आला, त्याने पंख वाखाणले, उड्डाण झालं, बायकोच्या मेणाने दगा दिला. हिरवा डबा त्यात कधी आलाच नाही. आणि चिडून सांगायचे नाहीत हो, मोठ्या मनाने सांगायचे. "तिची काय चूक? तिने मनापासून केलं." हे ऐकून लोकांना त्यांच्याबद्दल आणखीनच आदर वाटायचा. मी चहा घेऊन जायची.

दरम्यान चाचांनी विमानाचं काम झाल्यावर उरलेलं माझं मेण मोटारींच्या काचांना वापरून बघितलं होतं. घोटी-इगतपुरीकडे पावसात गाड्या नेणाऱ्या ड्रायव्हरांना ते फार पटलं, तिकडचा पाऊस म्हणजे काचेच्या बुडातून धार लागायची. एक दिवस चाचांनी भाऊजींबरोबर निरोप पाठवला, बाईंनी बनवून द्यावं, ते लोकांना बाईंचं म्हणून सांगतील. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "एक डोळा गेला तेवढं पुरे नाही का?" मी भाऊजींना माप सांगून टाकलं. मेण तीन, राळ दीड, एरंडेल एक. चाचा सुरुवातीला प्रामाणिकपणे सांगायचे, हे मास्तरांच्या बाईंचं आहे. तर ड्रायव्हर म्हणायचे, ज्याने मास्तरचा डोळा गेला तेच का? आणि घ्यायला कचरायचे. मग चाचांनी सांगणं बंद केलं. ते चाचांचं मेण झालं. त्यांना त्याची लाज वाटायची, रस्त्यात दिसले की मान खाली घालायचे. त्यांचा काही दोष नव्हता.

मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा एकदा तिच्या मैत्रिणीला ओट्यावर बसून सांगत होती, "माझ्या आईच्या चुकीमुळे बाबांचा डोळा गेला. पण बाबा तिला कधी रागवत नाहीत." मी आत तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं. ह्यांना शाळेतून येऊ दिलं, चहा दिला, आणि मग विचारलं.

"चारचौघांत काय सांगायचं ते सांगा. पोरीला खरं सांगाल का?"

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "आता काय सांगू तिला? की बाप इतकी वर्षं खोटं बोलत होता?"

"मग निदान मला एकटीला सांगा. एकदाच."

"तुला तर माहीतच आहे," ते म्हणाले, आणि कपबशी घेऊन मोरीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपली कपबशी स्वतः धुतली.

हे गेले त्याला आता काही वर्षं झाली. तेरावं आटोपल्यावर मुलगी चार दिवस राहिली होती. एका दुपारी आम्ही दोघी त्यांची कपाटं आवरत बसलो होतो, जुने नकाशे निघाले, आणि मी तिला सगळं सांगितलं. रोगण, मेण, नमदा, साहेबाचं हसणं, हिरवा डबा, त्यावरची अक्षरं. चढ्या आवाजात नाही, या कागदावर लिहिलंय तसंच. ती नकाशाची घडी घालत होती, तिने मान वर केली नाही.

"मला माहीत आहे, आई," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? चाचांनी?"

"बाबांनीच. माझ्या लग्नाच्या आधी. रडले होते." मग म्हणाली, "तुला सांगू नको म्हणाले होते. म्हणाले, तिच्यासमोर मला मान वर करता येणार नाही."

तिच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत ती किती वेळा माहेरी आली, माझ्या हातचं जेवली, हे लोकांना ती गोष्ट सांगत असताना शेजारी ओट्यावर बसून ऐकत राहिली, हे मी मनात आठवू लागले. मी तिला विचारलं, "आणि तुला कधी वाटलं नाही, मला सांगावं?"

ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती गं."

मी उठून संध्याकाळचं पाणी भरायला गेले. ती नकाशे बांधून बरोबर घेऊन गेली. तिच्या मुलाला दाखवायचे आहेत म्हणाली. मी म्हटलं, ने.